लिम्फोमा आणि अस्थिमज्जारोपण : मुंबईतील संशोधन-निबंधांची प्रस्तावना

ज्या लेखनावर सहस्रावधी माणसांचे जीवित अवलंबून असते, ते लेखन त्या माणसांच्या दृष्टीस बहुधा पडतच नाही. कांदिवलीच्या चारकोपातील किंवा समतानगरातील एखाद्या घरचा कर्ता माणूस मानेत आलेली गाठ घेऊन परळच्या टाटा रुग्णालयात जातो, फाईल काढतो, तपासण्यांच्या रांगा ओलांडतो, आणि अखेरीस औषधांची नावे व तारखा लिहिलेला एक कागद त्याच्या हाती पडतो. त्या कागदावरचे प्रत्येक औषध, त्याची मात्रा, दोन मात्रांमध्ये किती दिवसांचे अंतर असावे याचा निर्णय, हे सारे कोणीतरी पूर्वी शेकडो रुग्णांवर पडताळून पाहिलेले आणि भल्याबुऱ्या सर्व परिणामांसह छापून काढलेले असते, ही गोष्ट त्याला कोणी सांगत नाही. सांगण्याइतकी सवडही त्या गर्दीत कोणाला नसते. वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध होणारे हे संशोधन-निबंध, आणि त्यांतही लिम्फोमा व अस्थिमज्जारोपण या दोन विषयांवर मुंबईत जे काम झाले त्यासंबंधीचे निबंध, सामान्य मराठी वाचकासमोर ठेवावेत, त्यांतील कष्टांची आणि त्यांतून निघालेल्या निष्कर्षांची ओळख त्याला करून द्यावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू आहे.

या कामाच्या मध्यभागी डॉ. सुरेश अडवाणी यांचे नाव येते व ते येणे न्याय्य आहे. परंतु वैद्यकातील निबंध हा एकट्याने लिहिला जात नाही. मथळ्याखाली आठ-दहा नावांची रांग असते. त्यांत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ओळखणारा विकृतिशास्त्रज्ञ असतो, किरणोपचार करणारा असतो, आकड्यांचा हिशेब ठेवणारा असतो, आणि ज्यांची नावे कोठेच छापली जात नाहीत असे रुग्ण तर त्या निबंधाचा पायाच असतात. म्हणून एका संशोधकाच्या कार्याचा परिचय करून देताना त्याच्या सहकाऱ्यांचा, पूर्वसूरींचा आणि ज्या शहरात हे घडले त्या शहराचाही परिचय करून देणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम रोगाविषयी. शरीरात रक्तवाहिन्यांच्या बरोबरीने लसिकेचे एक स्वतंत्र जाळे पसरलेले असते, आणि मान, काख, जांघ, छाती व पोट या ठिकाणी त्या जाळ्यावर लहान लहान ग्रंथी असतात. रोगजंतूंशी झुंजणाऱ्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा तेथे वास असतो. अशा एखाद्या पेशीच्या वाढीवरील निर्बंध सुटला, तिच्यासारख्याच असंख्य पेशी निर्माण होऊ लागल्या आणि ग्रंथी फुगू लागल्या, म्हणजे त्या विकाराला लिम्फोमा म्हणतात. १८३२ साली लंडनच्या टॉमस हॉजकिन या वैद्याने अशा सात रुग्णांची हकीकत एका निबंधात मांडली. त्या निबंधाकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे तेहतीस वर्षांनी, १८६५ मध्ये, सॅम्युअल विल्क्स याने तोच विकार नव्याने अभ्यासला, आपल्या आधी हॉजकिनने तो पाहिला होता हे मोकळेपणाने मान्य केले आणि त्या रोगाला हॉजकिनचे नाव दिले. आज लिम्फोमाचे दोन मोठे वर्ग मानतात, एक हॉजकिन आणि दुसरा हॉजकिनेतर, आणि त्या दुसऱ्या वर्गात कित्येक पोटप्रकार आहेत. काही इतके संथ असतात की वर्षानुवर्षे औषध न देता त्यांच्यावर नुसती नजर ठेवता येते. काही इतके उग्र असतात की एका आठवड्याचा विलंबही महाग पडतो. कोणता प्रकार आहे हे ठरल्यावाचून उपचार ठरत नाही.

येथे आपल्या भागातील एका मोठ्या अडचणीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. मानेत गाठ आली म्हणजे ती क्षयाची, असा आपल्याकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज आहे. गंडमाळ हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी होता, आणि तो समज निराधारही नव्हता, कारण क्षय आजही मुंबईच्या वस्त्यांतून गेलेला नाही. गाठ, संध्याकाळी येणारा ताप, रात्री अंथरूण भिजवणारा घाम, उतरत जाणारे वजन, ही लक्षणे क्षयाची आहेत आणि लिम्फोमाचीही आहेत. सबब असे घडते की गाठीचा तुकडा न तपासताच क्षयाची औषधे सुरू होतात, दोन-तीन महिने निघून जातात, गाठी वाढतच राहतात, आणि मग रुग्ण परळला पोहोचतो तेव्हा रोग छातीत व पोटात पसरलेला असतो. सुई घालून चार पेशी काढण्याने लिम्फोमाचा प्रकार बहुधा निश्चित होत नाही; शक्य असेल तेथे संपूर्ण गाठ काढून तिची तपासणी करावी लागते. तपासणीपूर्वी स्टेरॉइड दिले गेले तर गाठ काही काळ आक्रसते, रुग्णाला बरे वाटते, आणि खरे निदान अधिकच दडून बसते. या एका मुद्द्याची खातरजमा जरी वाचकाने करून घेतली तरी ही पाने लिहिल्याचे सार्थक झाले असे मी मानीन.

आता संशोधनाकडे वळू. परळच्या भूमीत या कामाची बीजे फार पूर्वी पडलेली आहेत. १९४१ साली दोराबजी टाटा विश्वस्त निधीतून टाटा स्मारक रुग्णालय उघडले तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली, आणि १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संचालक झाले. रोग्यावर उपचार करणे आणि रोगाचा अभ्यास करणे ही दोन कामे एकाच आवारात चालली पाहिजेत, हा आग्रह त्यांनी येथे रुजवला. त्याच १९५२ साली, शेजारच्या केईएम रुग्णालयाच्या परिसरात काम करणाऱ्या डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया यांनी इंग्लंडमधील सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि तो रक्तगट जगभर मुंबईच्या नावाने ओळखला जातो. रक्ताविषयीचे मूलभूत ज्ञान परळमधून जगाला जाऊ शकते, याचा हा दाखला होता.

पुढे १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने, डॉ. दराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने, मुंबईतील कर्करोगाच्या रुग्णांची लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी सुरू केली. देशातील या प्रकारची ती पहिली नोंदणी. कर्करोगाचा कोणता रुग्ण मुंबईच्या कोणत्या भागात, कोणत्या वयाचा, कोणत्या अवयवाच्या रोगाने पीडित आढळला, याचे दप्तर त्या वर्षापासून ठेवले जाऊ लागले. असे दप्तर निर्जीव वाटते खरे. परंतु रोग किती जणांना होतो हेच ठाऊक नसेल, तर किती खाटा लागतील, किती औषध लागेल, किती डॉक्टर शिकवून तयार करावे लागतील, याची कोणतीच तजवीज शासनाला करता येत नाही. आणि उपचाराने मृत्यू कमी झाले की नाही हे सांगण्यासही आधार उरत नाही.

लिम्फोमाच्या बाबतीत अशाच एका मोजणीने मोठे काम केले. टाटा रुग्णालयातील डॉ. नरेश, डॉ. श्रीनिवास आणि डॉ. सोमण यांनी आपल्या विकृतिशास्त्र विभागात तपासलेल्या २,७७३ हॉजकिनेतर लिम्फोमांचे नव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार फेरवाचन केले आणि २००० साली ‘अ‍ॅनल्स ऑफ ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात तो हिशेब मांडला. बी-पेशींचे लिम्फोमा सुमारे ७९ टक्के, टी-पेशींचे सुमारे १६ टक्के, आणि सर्वांत मोठा एकच प्रकार, ज्याला विसरित मोठ्या बी-पेशींचा लिम्फोमा म्हणतात, तो सुमारे ३४ टक्के, असे त्यांना आढळले. युरोप-अमेरिकेत ज्या संथ गाठीदार प्रकाराचे प्रमाण बरेच मोठे असते तो आपल्याकडे तुलनेने कमी आढळला. एका विभागातील काचपट्ट्या पुन्हा एकवार सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहणे, हे काम ऐकताना मामुली वाटेल. पण त्या प्रत्येक काचपट्टीमागे एक फाईल आणि प्रत्येक फाईलमागे एक कुटुंब आहे, आणि आपल्या देशातील हा रोग पाश्चात्त्य पुस्तकांतील रोगाची हुबेहूब प्रत नाही, हे त्या २,७७३ काचपट्ट्यांनी सप्रमाण सांगितले. परक्या देशातील आकडे उसने घेऊन आपल्या रुग्णांचे भवितव्य वर्तवण्याचा शिरस्ता मोडण्यास असाच पुरावा लागतो.

त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, डॉ. नरेश, डॉ. सोमण, डॉ. अडवाणी आणि त्यांचे अनेक सहकारी यांचा हॉजकिन रोगावरील आणखी एक निबंध आला. एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूचे अस्तित्व येथील बहुसंख्य रुग्णांच्या विकृत पेशींत आढळते, आणि ज्यांच्यात तो आढळतो त्यांचे आयुर्मान उपचारानंतर उलट अधिक चांगले राहते, असा त्याचा निष्कर्ष होता. विषाणू सापडला म्हणजे रोग अधिक वाईट, ही आपली सहज समजूत. मुंबईच्या रुग्णांनी तिच्याविरुद्ध साक्ष दिली.

परंतु माझ्या मते लिम्फोमाच्या क्षेत्रात परळमधून निघालेला सर्वांत धैर्यवान निबंध २००४ सालचा आहे. डॉ. सिद्धार्थ लास्कर आणि सहकाऱ्यांचा तो निबंध अमेरिकेतील ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न साधा होता. हॉजकिन रोगावर मिलान येथील बोनादोना यांनी १९७० च्या दशकात बसवलेल्या चार औषधांच्या सहा फेऱ्या दिल्यावर रोग पूर्णपणे दिसेनासा झाला, तर त्यानंतर पुन्हा किरणोपचार, म्हणजे लोक ज्याला ‘शेक’ म्हणतात तो, द्यावा की देऊ नये? द्यावा तर तरुण रुग्णाच्या हृदयावर, थायरॉइडवर, मुलींच्या स्तनांवर त्याचे दुष्परिणाम पंधरा-वीस वर्षांनी उमटतात. न द्यावा तर दडून राहिलेला रोग उलटण्याची भीती. १९९३ ते १९९६ या मुदतीत उपचारास आलेल्या २५१ रुग्णांपैकी १७९ जणांचा रोग औषधांनी पूर्ण नाहीसा झाला, आणि त्या १७९ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत विभागले गेले. एका गटास किरणोपचार मिळाला, दुसऱ्यास नाही. आठ वर्षांचा अंदाज मांडला तेव्हा रोग न उलटता राहणाऱ्यांचे प्रमाण किरणोपचाराविना ७६ टक्के आणि किरणोपचारासह ८८ टक्के, तर हयात राहणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ८९ व १०० टक्के असे भरले. विशेषतः पंधरा वर्षांखालील मुले, ताप-घाम-वजनघट ही लक्षणे असलेले, आणि रोग पसरलेले किंवा गाठी मोठ्या असलेले रुग्ण यांना लाभ अधिक झाला.

या निकालावर जगभर वाद झाला, आणि पुढे पेट-स्कॅनचे युग आल्यावर कोणास किरणोपचार टाळता येतो हे ठरवण्याची रीतही बदलली. म्हणून हा निबंध आज सर्वांना लागू करण्याचे फर्मान आहे असे मी म्हणत नाही. मला त्यातील दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. ज्या रुग्णालयाच्या दाराशी देशभरातून आलेली माणसे वळकट्या घेऊन बसतात, ज्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात आसरा शोधावा लागतो, तेथे, त्या गर्दीत, डॉक्टरांनी उपचार करता करता प्रश्न विचारला. आणि ज्यांना लिहितावाचताही येत नव्हते अशांसह रुग्णांनी, आपल्या वाट्यास काय येईल हे ठाऊक नसताना, त्या प्रश्नाच्या उत्तरात सहभागी होण्यास संमती दिली. त्या १७९ जणांचे ऋण पुढील प्रत्येक हॉजकिन रुग्णावर आहे.

आता अस्थिमज्जेविषयी. हाडांच्या पोकळीतील ही मऊ, रक्तवर्ण मज्जा म्हणजे शरीराची टांकसाळ: तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, रक्त गोठवणाऱ्या बिंबिका, सारे नाणे तेथे पडते आणि त्या साऱ्यांचा उगम थोड्याशा मूलपेशींत असतो. कर्करोगाची तीव्र औषधे किंवा सर्वांगावरील किरणे ही मज्जाच जाळून टाकतात. म्हणून मात्रा एका मर्यादेपलीकडे वाढवता येत नाही. मग असा विचार पुढे आला की मज्जा जळाली तरी चालेल, इतकी मोठी मात्रा द्यावी आणि नंतर नवी मज्जा शिरेतून आत सोडावी. मूलपेशी रक्तातून वाट काढीत स्वतःच हाडांत जाऊन वसतात. अमेरिकेतील ई. डॉनल टॉमस यांनी १९५७ साली असा प्रयोग केलेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या सहांपैकी एकही फार दिवस जगला नाही. टॉमस यांनी तो वृत्तांत झाकून ठेवला नाही. प्रयोगशाळेत परत जाऊन दाता आणि ग्राहक यांच्या पेशींवरील खुणा कशा जुळतात याचा अभ्यास त्यांनी चालवला, आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा ते या उपचाराने वाचलेल्या हजारो लोकांच्या वतीनेच मिळाल्यासारखे होते. अपयशाचा निबंधही छापला पाहिजे, हा दंडक वैद्यकात का पाळतात, ते यावरून कळेल.

सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रात टॉमस यांच्या हाताखाली जे परदेशी डॉक्टर शिकून गेले त्यांत मुंबईचे सुरेश अडवाणी होते. १९४७ साली कराचीत जन्मलेल्या, फाळणीनंतर मुंबईत वाढलेल्या या मुलाला आठव्या वर्षी पोलिओ झाला आणि चाकांची खुर्ची त्याच्या आयुष्याची सोबतीण झाली. वैद्यकीय शिक्षणाच्या दाराशी त्यांच्या अपंगत्वावर आक्षेप घेतला गेला. अर्जविनंत्या करून त्यांनी तो दूर करवला आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. शस्त्रक्रिया किंवा धावपळ यांपेक्षा निदान, औषध आणि चिंतन यांवर उभी असलेली शाखा त्यांनी निवडली, ज्या काळी कर्करोगाचा औषधोपचार ही स्वतंत्र शाखा आपल्याकडे नीटशी जन्मलीही नव्हती. २० मार्च १९८३ रोजी टाटा रुग्णालयात त्यांनी नऊ वर्षांच्या एका मुलीवर, जिला तीव्र मायलॉइड प्रकारचा रक्ताचा कर्करोग झाला होता, तिच्या भावाची मज्जा घेऊन भारतातील पहिले अस्थिमज्जारोपण केले. १९८६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. मॅमन चंडी यांनी अस्थिमज्जारोपणाचा विभाग सुरू केला. पुढे अडवाणींना २००२ मध्ये पद्मश्री आणि २०१२ मध्ये पद्मभूषण मिळाले.

मात्र मज्जारोपण ही घटना लोकांच्या स्मरणात राहते आणि तिच्या मागचे संथ काम विसरले जाते, म्हणून १९८० च्या दशकात टाटा रुग्णालय, चेन्नई व दिल्ली येथील केंद्रे आणि अमेरिकेतील इयन मॅग्रथ यांनी मिळून मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगासाठी आखलेल्या एमसीपी-८४१ या पद्धतीचा निर्देश करतो. आपल्या रुग्णालयांना झेपेल, आपल्या मुलांना सोसेल, आणि तरीही बरे करील, अशी ती आखणी होती. तिच्यावर अडवाणी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ ऑन्कॉलॉजी’त लिहिलेला निबंध कोणत्या मुलाचा रोग उलटण्याचा धोका अधिक, याचे विश्लेषण करतो. रोपणाने जितकी मुले वाचली त्यांहून कितीतरी अधिक मुले अशा सामान्य दिसणाऱ्या वेळापत्रकांनी वाचवली, हे माझे ठाम मत आहे.

लिम्फोमात मज्जारोपणाचे स्थान ल्युकेमियाहून काहीसे वेगळे आहे. येथे बहुधा दुसऱ्याची मज्जा लागत नाही. रोग उलटलेल्या रुग्णास आधी औषधांनी आटोक्यात आणतात, चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन त्याच्याच मूलपेशी रक्तात उतरवतात, यंत्रातून रक्त फिरवून त्या वेगळ्या काढतात, मग काही दिवस अतितीव्र औषधे देऊन उरलासुरला रोग जाळतात आणि त्याच्याच मूलपेशी त्याला परत देतात. ज्या दिवशी त्या परत देतात त्याला शून्य दिवस म्हणतात. पुढचे दहा ते चौदा दिवस रुग्णाच्या शरीरात संरक्षण म्हणून काहीच नसते. तोंड सोलवटते, ताप येतो, आणि शिजवलेले अन्न, गाळलेली हवा, धुतलेले हात यांवर त्याचे प्राण अवलंबून असतात. १९९५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्मा चाचणीने या उपचाराची शहानिशा केली: उलटलेला पण औषधांना दाद देणारा उग्र लिम्फोमा असलेल्या १०९ रुग्णांत, पाच वर्षांनी रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण रोपणाने ४६ टक्के आणि नुसत्या औषधांनी १२ टक्के होते. परदेशातील हा निष्कर्ष आपल्याकडे अमलात आणताना जंतुसंसर्ग, खर्च आणि खाटांची टंचाई या तिन्ही गोष्टींशी झगडावे लागले. परळच्या दाटीत जागा अपुरी पडू लागल्यावर टाटाचा रोपण-विभाग खारघरच्या विस्तीर्ण आवारात गेला.

दुसऱ्याची मज्जा लागते तेव्हा प्रश्न उरतो जुळणीचा. पेशींवरील या खुणा आईबापांकडून निम्म्या-निम्म्या येतात, म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. रक्तगट जुळण्याची मात्र येथे गरज नाही, आणि रोपणानंतर रुग्णाचा रक्तगट बदलून दात्याचा होतो. चार भावंडे असतील तर त्यांतील निदान एक जुळण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के, दोन असतील तर ४४, एकच असेल तर २५. गिरगाव-लालबागच्या चाळीत पाच-सहा भावंडांत वाढलेली पिढी आता मागे पडली. आमच्या कांदिवलीच्या ठाकूर व्हिलेजमधल्या किंवा महावीरनगरातल्या इमारतींत एका घरात एकच मूल असते, आणि त्याला मज्जा हवी झाली तर सख्खा दाता असतच नाही. अर्धी जुळणारी आईबापांची मज्जा वापरण्याची नवी रीत अलीकडे पुष्कळ सुधारली आहे, पण अनोळखी दात्यांच्या नोंदणीची गरज तिने संपवलेली नाही. आणि जुळणी बहुधा आपल्याच समाजात, आपल्याच प्रांतात सापडते, म्हणून परदेशांतील लक्षावधी दात्यांच्या याद्या आपल्या मुलांना पुरेशा पडत नाहीत.

या सर्व कामाचा लाभ उपनगरापर्यंत पोहोचला काय, असा प्रश्न कांदिवलीचा रहिवासी म्हणून मी स्वतःस विचारतो, आणि उत्तर अंशतः होकारार्थी येते. कांदिवलीपासून एकच स्थानक पुढे, बोरिवली पूर्वेस, मुंबई महानगरपालिकेने थॅलॅसेमिया, मुलांचे रक्तविकार व कर्करोग आणि अस्थिमज्जारोपण यांसाठी केंद्र उभारले, आणि डॉ. ममता मंगलानी यांच्या देखरेखीखाली तेथे २०१८ पासून गोरगरिबांच्या मुलांवर रोपणे होऊ लागली. महानगरपालिकेच्या कारभारावर टीका करण्यास आपण सदैव तत्पर असतो. तिने केलेल्या या कामाची वाखाणणीही तितक्याच तत्परतेने व्हावयास हवी. पूर्वेस पवईच्या आयआयटीत डॉ. राहुल पुरवार यांनी टाटा रुग्णालयाच्या सहकार्याने रुग्णाच्याच टी-पेशींत फेरफार करून त्यांना लिम्फोमावर सोडण्याची कार-टी पद्धत विकसित केली, तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारत सरकारच्या औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली, आणि परदेशांत कोट्यवधी रुपयांस पडणारा हा उपचार येथे त्याच्या अल्पांशात मिळू लागला. तोही अल्पांश सामान्य घराच्या आवाक्याबाहेरच आहे, हे विसरून चालणार नाही.

अशा निबंधांच्या वाचनात एक गोष्ट मला सतत खटकत आली. जवळजवळ प्रत्येक निबंधात एक तक्ता असा असतो की इतके रुग्ण पुढे भेटीस आले नाहीत, त्यांचे काय झाले ते कळले नाही. रोगाने गेले की बरे होऊन गावी संसारात रमले, हे ठाऊक नसल्यामुळे निष्कर्षाला तेवढा उणेपणा येतो. त्यामुळे वाचकास माझी विनंती साधी आहे. घरातील कोणाच्या मानेत, काखेत वा जांघेत गाठ दोन-तीन आठवडे टिकून राहिली तर तुकडा तपासल्यावाचून मोठी औषधे सुरू करू देऊ नका. उपचार पुरा झाल्यावरही फाईल जपून ठेवा आणि डॉक्टरांनी मुक्रर केलेल्या तारखांना फेरतपासणीस जा, बरे वाटत असले तरी जा. आणि वयाच्या अठरा ते पन्नासच्या दरम्यान असाल, प्रकृती निरोगी असेल, तर मूलपेशी-दात्यांच्या नोंदणीत आपले नाव घाला. त्यासाठी गालाच्या आतील बाजूने कापसाची काडी फिरवून घेतलेला नमुना पुरतो, आणि पुढे कधी बोलावणे आलेच तर बहुतेक वेळा रक्तदानासारखेच खुर्चीत बसून मूलपेशी देता येतात, शरीर त्या काही आठवड्यांत भरून काढते. आपल्या इमारतीतील, आपल्या आळीतील चार तरुण मंडळींनाही बरोबर घ्या.

कांदिवली, मुंबई